थांबवू नका, थांबता येऊ द्या

पोटुशी बाईनं लांब पल्ल्याचं धावावं की नाही, हा विषय कुपवाडात निघाला तर निकालाला वेळ लागत नाही. ‘डोकं फिरलंय काय तिचं?’ एवढ्यात खटला संपतो. सांगलीच्या आमराईत पहाटे फेऱ्या मारणारे निवृत्त असोत, एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावरची पोरं असोत, नाहीतर डोहाळजेवणाला जमलेल्या आत्या-मावश्या. आरोपपत्र सगळ्यांचं एकच. त्यात कलमं तीन. धावण्याचे हादरे बाळाला बसतात, हे पहिलं. मेडलच्या हौसेपायी बाई लेकराचा जीव पणाला लावते, हे दुसरं. आणि तिकडच्या बायकांचं ठीक आहे, आपल्या बायकांच्या अंगात रक्त कुठं आहे, हे तिसरं.

पहिलं कलम विज्ञानापुढं टिकत नाही. दुसरं आपल्याच रीतिरिवाजांपुढं टिकत नाही. तिसऱ्यात मात्र दम आहे आणि त्याला उत्तर देताना दमानंच घ्यावं लागेल. पण तिन्ही कलमं लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट कधी विचारलेलीच नाही : या बाईला वाटेल तेव्हा थांबता येतं का? साऱ्या वादाचा निवाडा या एका प्रश्नावर व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

हादऱ्यांपासून सुरुवात करू. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातच असतं. पुढं बाळाभोवती गर्भजल असतं आणि त्याभोवती स्नायूंची जाड भिंत. निरोगी गरोदरपणात पाऊल आपटल्यानं बाळ सुटत नाही की वार निखळत नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भ गुणसूत्रांतल्या दोषामुळं मुळातच टिकणारे नसतात. पण त्या आठवड्यात बाई धावली असेल तर खापर तिच्या पायांवर फुटतं, आणि स्कूटरवरून बाजारात गेली असेल तर स्कूटरवर. ते ओझं ती पुढं आयुष्यभर वाहते. ‘आम्ही काळजीपोटी बोललो’ म्हणणाऱ्यांनी या ओझ्याचाही हिशेब ठेवावा.

डॉक्टरांचा सल्लासुद्धा काळाबरोबर बदलत आला आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ साली मर्यादा घातली होती : गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर नकोत, जोराचा व्यायाम १५ मिनिटांहून अधिक नको. १९९४ साली त्याच संघटनेनं ही मर्यादा काढून टाकली. २०२० साली तिनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की गुंतागुंत नसेल तर गरोदर बाईनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आधीपासून जोराचा व्यायाम करणाऱ्या बाईला तो चालू ठेवायला हरकत नाही. आमच्याकडं मात्र कित्येक घरांत अजून १९८५ सालच चालू आहे.

पुराव्याचं बोलायचं तर हौशी धावणाऱ्या १,२९३ बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात धावणं चालू ठेवलेल्या आणि थांबवलेल्या बायकांची त्यात तुलना होती. बाळं किती दिवसांची होऊन जन्मली आणि त्यांचं वजन किती भरलं, यात फरक दिसला नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळंतपण करावं लागण्याचं प्रमाण मात्र धावणाऱ्यांमध्ये थोडं अधिक होतं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. शिवाय या बायका प्रामुख्यानं पाच किलोमीटरच्या साप्ताहिक धावेतल्या. एकवीस-बेचाळीस किलोमीटरला तोच निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येणार नाही.

मर्यादा कुठं लागते, हे दाखवणारा एक छोटा प्रयोग नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२ साली मांडला. ऑलिंपिक दर्जाच्या सहा खेळाडू, गरोदरपणाचे २३ ते २९ आठवडे, ट्रेडमिलवर धाव. आईच्या हृदयाचा वेग तिच्या कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा गर्भाशयाकडं जाणारा रक्तप्रवाह निम्म्याखाली आला आणि बाळाचे ठोके मंदावले. आई थांबली, तसे ठोके लगेच पूर्वपदावर आले. सहाच बायकांवरून जगाचा कायदा लिहायचा नसतो, पण एवढं उघड आहे, की धोका जीव तोडून पळण्यात आहे आणि थांबणं हा त्यावरचा उपाय आहे. बोलता येईल इतक्या वेगानं धावणं ही वेगळी गोष्ट. धावताना सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक. वाक्य तुटायला लागलं की कमी करायचा. या कसोटीला घड्याळही लागत नाही.

आता हौस. डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत पाच महिन्यांची गरोदर असलेली एक अभियंता ६२ मिनिटांत धावली. करोनामुळं त्या वर्षी ही शर्यत ॲपवर होती, ज्यानं त्यानं आपापल्या रस्त्यावर धावायचं. ती सुमारे नऊ वर्षं नियमित धावत होती, तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, आणि मध्ये मध्ये ती चालत गेली. बातमी आली तसं देशभर कौतुक झालं आणि त्याबरोबर ‘एवढी काय घाई होती?’ हा प्रश्नही आला. नऊ वर्षं रोज करत असलेली गोष्ट बाई सहाव्या महिन्याच्या तोंडावरही करते, त्यात घाई कसली? घाई करायची असती तर ती मध्ये चालली नसती.

खरं म्हणजे गरोदर बाईची हौस या मुलखानं कधी नाकारली नाही. डोहाळजेवणात आपण तिला झोपाळ्यावर बसवतो, फुलांनी मढवतो, चांदण्यात जेवू घालतो, पेढा की बर्फी ते तिला ओळखायला लावतो. तिला रात्री अकराला चिंच हवी झाली तर नवरा विश्रामबागपर्यंत गाडी काढतो. मग पहाटे साडेपाचला तिला धावावंसं वाटलं तर तेवढेच डोहाळे अवदसा कसे ठरतात? चिंचेनं तिचा रक्तदाब सुधारत नाही. व्यायामानं मात्र गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचे विकार होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं कॅनडाच्या संशोधकांनी २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं. भारतीय बायकांना हा मधुमेह होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. तेव्हा तिची ही हौस बाळाच्याही उपयोगाची आहे.

बाईच्या गर्भाशयाची काळजी वाहत तिला पळू न देण्याची रीत जुनी आहे. लांब धावलं तर गर्भाशय खाली सरकेल, असं एकेकाळी शिकली-सवरलेली माणसं सांगत. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ साली रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली तेव्हा सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांनी छाती फुगवली. म्हणजे पळणारी बाई आपल्याला आता चालते. फक्त ती आई व्हायला लागली की तिच्या पायांचा मालक बदलतो.

तिसरं कलम घेऊ. याच्याकडं मी आदरानं बघतो, कारण त्याच्या पाठीशी इथलाच पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळांचं २.७ किलोच्या आसपास. २००३ साली त्यातून आलेल्या एका निबंधानं दाखवलं, की शेतातलं, पाण्याचं, घरातलं कष्टाचं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी ठेवा : महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय.

तेव्हा आक्षेपकांचं इथपर्यंत बरोबर आहे. हाडं दिसणारी, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलेली बाई आधी रक्त भरून काढेल, मग किलोमीटर मोजेल. ७ च्या खाली तर धावण्याचं नावच नको. यावर माझा वाद नाही. पण यातून निघते ती एक अट, आणि अट तपासता येते. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं थेंबभर रक्तात जे कळतं, ते न बघता सरसकट सगळ्याच बायकांना घरात बसवणं ही सावधगिरी नव्हे, आळस आहे.

आणि त्या सहा गावांतल्या बायकांचं बाळ कशानं लहान राहिलं, तेही नीट वाचलं पाहिजे. त्यांनी ट्रॅकसूट घालून फेऱ्या मारल्या नव्हत्या. विहिरीवरून हंडे आणले, खुरपलं, भारे वाहिले, आणि परत येऊन चूल पेटवली. पोटात घास बेताचा आणि पाठ टेकायला वेळ नाही. अंग दुखलं म्हणून काम टाकता आलं नाही. पुण्याचा अभ्यास एका अर्थी धावणाऱ्या बाईच्या विरोधात साक्ष देतो. पण त्याहून मोठी साक्ष तो आपल्या सर्वांच्या विरोधात देतो.

कारण दिवाळी झाली की आपल्याच जिल्ह्यात काय सुरू होतं, ते पाहा. बीडकडून, धाराशिवकडून, आपल्याच जत-आटपाडीकडून ऊसतोड टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्यात सातव्या-आठव्या महिन्याच्या बायका असतात. त्या थंडीत पहाटे फडात उतरतात, वाकून तोडतात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीनं केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आजारपणामुळं आणि पाळीमुळं काम बुडू नये, हा त्यामागच्या कारणांतला एक धागा होता.

‘धावण्याच्या वादात ऊसतोडीचं काय काम?’ असं कुणी म्हणेल. काम आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कर्णे लावून आपल्या दारावरून जातो तेव्हा तो ऊस कुणी भरला, असा प्रश्न चहाच्या गाड्यावर कधी निघत नाही. रंगीत बूट घातलेली पोटुशी बाई दिसली की मात्र सगळ्यांना बाळ आठवतं. हा दुटप्पीपणा दाखवून मी धावणाऱ्या बाईचं माप कमी कडक करू पाहत नाही. माप एकच असावं, एवढीच मागणी आहे. आणि ते माप लावलं तर दिसतं, की मोळीवाली बाई धोक्यात आहे, कारण तिला थांबता येत नाही. धावणारी बाई त्या मानानं सुरक्षित आहे, कारण ती दर पावलाला थांबू शकते.

ही गोष्ट गरीब-श्रीमंतापुरतीच नाही. अमेरिकेची ऑलिंपिक सुवर्णविजेती ॲलिसन फेलिक्स २०१८ साली गरोदर होती. प्रायोजक कंपनीशी करार नव्यानं ठरत होता. पोट दिसलं तर पैसे घटतील, या भीतीनं ती पहाटे चारला अंधारात सराव करायची. बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाबाच्या विकारामुळं तिचं तातडीनं सिझेरियन करावं लागलं. हा विकार धावण्यानं झाला असं कुणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. पण जगातल्या सर्वोत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असलेल्या बाईलासुद्धा थांबायची भीती वाटावी, हे लक्षात घ्यावं. फडातली उचल आणि स्टेडियममधला करार यांची जात एकच.

आपल्या एमआयडीसीतही हे आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यानं गरोदर कामगार बाईला बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, असं सांगितलं आहे. अट एकच : तिनं तशी मागणी करावी. कंत्राटावरची बाई ही मागणी किती मोकळेपणानं करू शकते, हे कुपवाडच्या शेडांमध्ये शिफ्ट भरणाऱ्या कुणालाही विचारा. कायद्यानं तिच्या शब्दाला किंमत दिली, पण तो शब्द उच्चारण्याची हिंमत तिला कुणी दिली नाही.

याच मापानं आता दुसऱ्या बाजूलाही बोलावं लागेल. धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये अलीकडं उलटी हवा वाहते. ‘नवव्या महिन्यात हाफ, काय जिगर आहे!’ २०११ साली शिकागोत ३९ आठवड्यांची एक बाई मॅरेथॉन पुरी करून त्याच दिवशी बाळंत झाली, हे उदाहरण तिथं हमखास निघतं. घडलं ते खरं. पण तिला वेळ लागला तो साडेसहा तासांच्या जवळपास, आणि त्यातलं बरंच अंतर ती चालली होती, हे रीलमध्ये येत नाही. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत अलिशिया मोंटानो ३४ आठवड्यांची असताना ८०० मीटर धावली. स्वतःच्या सर्वोत्तम वेळेहून अर्ध्या मिनिटाहून अधिक हळू आणि सगळ्यांच्या मागून. जिगर असेल तर ती तिथं आहे : हजारो लोकांसमोर शेवटची येण्याची तयारी ठेवण्यात.

कौतुकाचं दडपण हे धाकाच्या दडपणाचंच भावंड. बिब लावला, फोटो टाकला, ग्रुपला सांगितलं, मग पोटात कळ आली तरी पाय थांबायला लाजतात. म्हणून पोटुशी बाईनं धावावं, पण शर्यत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन कितीही लाडकी असली तरी तिथं चढावर दम तुटतो आणि उतारावर, पुढं आलेल्या पोटानं तोल बदललेला असताना, पाय घसरतो. ती एका वर्षानं पळून जात नाही. आयोजकांनी मात्र आपलं काम करावं. बोस्टन मॅरेथॉननं २०२३ पासून गरोदर धावपटूंना आपला प्रवेश पुढच्या शर्यतीसाठी राखून ठेवण्याची सोय केली. लंडननंही अशी सोय केली आहे. भरलेले पैसे बुडतात म्हणून कुणी पोटुशी बाई घाटात उतरत असेल तर त्यात आयोजकांचाही वाटा आहे.

मग ठरवायचं कसं? दिवस जायच्या आधी ती नियमित धावत होती का, हे पहिलं. नव्यानं सुरुवात करायची तर चालण्यापासून करावी. सहाव्या महिन्यात पहिला दहा किलोमीटर नको. वार खाली आहे का, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय का, जुळं आहे का, रक्तदाब चढलाय का, अंगावरून जातंय का, हे दुसरं. ते मिरज-सांगलीत हाकेच्या अंतरावर असलेल्या डॉक्टरांना विचारावं, शेजाऱ्यांना नव्हे. तिसरं ऊन. पहिल्या महिन्यांत आईच्या अंगाचं तापमान ३९ अंशांच्या वर जाणं बाळाच्या मज्जारज्जूला घातक ठरू शकतं. कुपवाडच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर धावणं कुणाच्याच हिताचं नाही. चौथं, वाट. लांब एकेरी वाट धरून सहा किलोमीटर दूर जाण्यापेक्षा घराभोवती दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या बऱ्या, म्हणजे कुठंही थांबलं तरी घर जवळ. आणि चक्कर, छातीत दुखणं, ठणकणारं डोकं, कळा, पाणी जाणं, पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशीची धाव तिथंच संपली.

घरच्यांनाही यात काम आहे, आणि ते परवानगी देण्याचं नाही. सात किलोमीटर धावून आलेल्या सुनेला लगेच आठ जणांच्या भाकऱ्या थापायच्या असतील, तर पुण्याच्या अभ्यासातली बाई आपण आपल्याच स्वयंपाकघरात उभी केली. धावणं बंद करायला सांगण्याआधी सासूबाईंनी परात आपल्याकडं ओढावी, नवऱ्यानं तवा तापवावा. दिवसाचे कष्ट एकूण किती आणि त्यातले टाकता येण्याजोगे किती, हा खरा हिशेब आहे.

उरलं गाव. एमआयडीसीच्या रस्त्यावर पहाटे मालट्रक असतात, वळणावर कुत्र्यांची टोळी असते, आणि गरोदर बाईला दर अर्ध्या तासानं लागणारी एक साधी गोष्ट मैलभर सापडत नाही, ती म्हणजे स्वच्छतागृह. कुपवाड १९९८ साली महापालिकेत गेलं. शहर झाल्याची एक खूण म्हणून मैदानाशेजारी बाईला जाता येईल असं, पहाटे उघडं असणारं एक स्वच्छतागृह मागायला हरकत नसावी.

आक्षेप घेणाऱ्यांची काळजी खोटी आहे, असं मी म्हणत नाही. ती चुकीच्या दारी उभी आहे. तिला वाट दाखवायची तर कामं भरपूर आहेत : फडातल्या बाईचा खाडा माफ करा, शेडमधल्या बाईला न मागता स्टूल द्या, घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ तारखेला तपासून आणा, शर्यतीच्या आयोजकांकडून प्रवेश पुढं ढकलण्याची सोय मिळवा. प्रत्येक पोटुशी बाईला थांबता येईल एवढं आपण बघावं. धावायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.